पडद्यामागची दुरुस्ती

शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज तुमच्यापैकी पुष्कळांनी भरला असेल. नाव लिहिण्यासाठी त्यात लहान लहान चौकोन आखलेले असतात. एका चौकोनात एकच अक्षर. समजा, एखाद्याचे नाव फार लांबलचक आहे आणि चौकोन संपले तरी तो लिहायचा थांबलाच नाही. मग त्याची अक्षरे शेजारच्या रकान्यात, जन्मतारखेच्या जागेत शिरतील. अर्ज तपासणारा माणूस असेल तर तो हसेल आणि अर्ज परत करील. पण तपासणारे यंत्र असेल तर? जन्मतारखेच्या जागी जे काही दिसेल, ती जन्मतारीखच आहे असे धरून ते पुढे चालू लागेल.

नेमकी अशीच एक चूक संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या आज्ञावलीत १९९१ साली शिरली आणि जानेवारी २०१४ पर्यंत तशीच राहिली. ती दुरुस्त करायला मूळ मजकुरात फक्त दोन अंक घालावे लागले! ही चूक कोठे होती, बावीस वर्षे ती कोणाला कशी दिसली नाही आणि असे दोन अंक लोकांच्या संगणकांपर्यंत पोचतात कसे, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी आधी पडद्यावर चित्र उमटते कसे, हे समजून घेतले पाहिजे.

खडू एकच, लिहिणारे अनेक

संगणकाचा पडदा म्हणजे असंख्य ठिपक्यांची जाळी. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवायला ४ बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट झाले. हे चित्र पडद्यावर सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइटांची वाहतूक!

युनिक्स या संगणक-प्रणालीत एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. एक घड्याळ दाखवते, दुसरीत तुम्ही पत्र लिहिता, तिसरी चित्र दाखवते. प्रत्येकीला पडद्याचा तुकडा हवा असतो. सगळ्यांनीच पडद्यावर हात चालवला तर काय होईल? वर्गातल्या चाळीस मुलांनी एकाच वेळी खडू घेऊन फळ्याकडे धाव घेतली तर जे होईल तेच.

यावर उपाय सोपा आहे. फळ्याजवळ एकालाच उभे करायचे आणि खडू त्याच्याच हाती द्यायचा. बाकीच्यांनी जागेवरून चिठ्ठी पाठवायची : ‘माझ्या चौकटीत, डावीकडून इतक्या आणि वरून इतक्या अंतरावर, एवढा आयत काढ.’ फळ्याजवळचा मुलगा चिठ्ठ्या एकेक करून वाचतो आणि त्याप्रमाणे काढतो. कोणाची चौकट कोणाच्या पुढे आहे, हेही त्यालाच ठाऊक असते. युनिक्समधल्या या फळेवाल्याचे नाव आहे ‘एक्स’.

एक्सचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. तेथे १९८३ मध्ये ‘अथेना’ नावाचा प्रकल्प सुरू झाला होता. वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक विद्यार्थ्यांना सारख्याच रीतीने वापरता यावेत, हा त्याचा एक हेतू होता. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तेथे एक्सची उभारणी केली. त्याआधी स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘डब्ल्यू’ नावाची अशीच एक योजना तयार झालेली होती. तिच्यात फेरफार करून ही नवी बनली. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूनंतर एक्स येतो, म्हणून नाव एक्स!

येथे एक गंमत लक्षात ठेवा. सर्व्हर म्हटले की कोठेतरी दूर असलेला मोठा संगणक आपल्या डोळ्यांसमोर येतो. एक्समध्ये मात्र सर्व्हर असतो तुमच्या टेबलावर, कारण पडदा, कळफलक आणि माउस यांची सेवा तो इतरांना पुरवतो. सेवा मागणारी आज्ञावली खुशाल दुसऱ्या गावच्या संगणकावर चालू असेल. चिठ्ठी तारेने आली काय किंवा शेजारच्या बाकावरून आली काय, फळेवाल्याला फरक पडत नाही.

चिठ्ठीचा नमुना

ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे : चिठ्ठी कशी लिहायची, याचा नियम सर्वांना सारखाच माहीत हवा. एक्समध्ये प्रत्येक चिठ्ठीचा पहिला बाइट म्हणजे कामाचा क्रमांक. १ म्हणजे ‘नवी खिडकी तयार कर’, ८ म्हणजे ‘ती खिडकी पडद्यावर दाखव’, ७० म्हणजे ‘भरीव आयत काढ’. त्यानंतर चिठ्ठीची लांबी लिहिलेली असते, म्हणजे एक चिठ्ठी कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली ते कळते. मग अंतरे आणि मापे. भूमितीच्या तासाला आपण आरंभबिंदूपासून वर मोजतो. येथे आरंभबिंदू डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि मोजायचे खाली.

सुरुवातीच्या तीन वर्षांत हा नमुना वरचेवर बदलला. सप्टेंबर १९८७ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती निघाली. तेव्हापासून आजपर्यंत आवृत्ती अकरावीच आहे. म्हणूनच १९८७ च्या नियमांनी लिहिलेली चिठ्ठी आजचा फळेवालाही वाचू शकतो.

आता तुम्ही विचाराल, नमुना बदलत नाही तर सुधारणा होते कशी? ती सोय नमुन्यातच करून ठेवलेली आहे. कामाचा क्रमांक एका बाइटात मावतो, म्हणजे ० ते २५५. त्यांपैकी १२७ पर्यंतचे क्रमांक मूळ कामांसाठी आहेत. १२८ पासून पुढचे क्रमांक पुढे सुचतील त्या कामांसाठी मोकळे सोडले. आज्ञावली आधी ९८ क्रमांकाची चिठ्ठी पाठवून विचारते, ‘तुला अमुक नावाचे नवे काम येते का?’ उत्तर ‘हो’ आले, तर सर्व्हर त्या कामाचा क्रमांकही कळवतो. ‘नाही’ आले, तर आज्ञावली जुन्याच चिठ्ठ्यांवर भागवते. नवे आले म्हणून जुने मोडत नाही.

या सोयीचा आपल्या मराठीलाही मोठा उपयोग झाला. पूर्वी अक्षरे काढण्याचे काम एक्स-सर्व्हरच करी. अक्षराचा क्रमांक पाठवला की त्या क्रमांकाची ठिपक्यांची आकृती तो उमटवी. इंग्रजीचे त्यावर भागत होते. पण आपल्या लिपीत ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी येते, आणि दिसताना वेलांटी आधी! ‘अर्क’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. क् आणि ष मिळून ‘क्ष’ ही निराळीच आकृती होते. क्रमांकाला आकृती एवढ्या हिशेबाने हे नीट जमत नाही. सन २००० च्या सुमारास किथ पॅकार्ड यांनी एक्समध्ये ‘रेंडर’ नावाची भर घातली. तेव्हापासून अक्षरांच्या आकृत्या आज्ञावलीच्या बाजूला तयार करून सर्व्हरकडे द्यायच्या आणि ठशासारख्या उमटवून घ्यायच्या, ही पद्धत रूढ झाली. कोणते अक्षर कोणाला जोडायचे हे ‘हार्फबझ’ सारखा आज्ञासंच ठरवतो आणि आकृतीचे ठिपके ‘फ्रीटाइप’ हा दुसरा संच करून देतो. अक्षरजोडणीत सुधारणा करायची झाली, तर आता सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

एकाचे अनेक तुकडे

एक्सचा मूळ मजकूर खुला आहे. कोणीही तो वाचावा, बदलावा आणि इतरांना द्यावा, अशी परवानगी त्याच्यासोबतच दिलेली असते. यालाच मुक्त स्रोत म्हणतात. मात्र एकेकाळी तो एकच प्रचंड गठ्ठा होता. त्यातला एक तुकडा बदलायचा तरी सगळा गठ्ठा पुन्हा बांधावा लागे. २००४ साली स्थापन झालेल्या ‘एक्स.ऑर्ग’ या संस्थेने २१ डिसेंबर २००५ रोजी एकाच दिवशी दोन आवृत्त्या प्रसिद्ध केल्या : अकराव्या नमुन्यावरची ६.९ आणि ७.० ही प्रकाशने. दोन्हींतला मजकूर एकच. पण पहिलीत तो एकत्र होता आणि दुसरीत सुटे भाग केलेले होते. पुढचे काम सुट्या भागांवरच होत गेले.

सुटे भाग झाले की क्रम आला. घर बांधताना पायाआधी छप्पर घालता येत नाही. येथेही आधी चिठ्ठ्यांच्या नमुन्याची व्याख्या, मग चिठ्ठ्या पोचवणारा संच, त्यावर आज्ञावल्यांना लागणारे इतर संच, मग सर्व्हर आणि शेवटी त्या त्या चित्रयंत्राशी बोलणारे चालक, अशी रचना करावी लागते. सर्व्हर नवा आणि चालक जुना राहिला, तर सर्व्हर दोघांचे क्रमांक ताडून पाहतो आणि न जुळणाऱ्या चालकाला घेतच नाही. पडदा काळाच राहतो! म्हणून प्रत्येक आज्ञासंचाच्या नावापुढे आवृत्तीचा अंक लावलेला असतो. नुसती भर पडली तर लहान अंक वाढतो. जुनी सोय काढून टाकली किंवा तिची रीत बदलली तर मोठा अंक वाढतो, आणि मग त्या संचावर अवलंबून असलेल्या आज्ञावल्या नव्याने बांधाव्या लागतात.

शंभर बाइटांची जागा

आता आपण त्या जुन्या चुकीकडे वळू.

एक्समध्ये अक्षरांच्या ठिपक्यांच्या आकृत्या ठेवण्यासाठी एक साध्या मजकुराची फाइल वापरत. तीत प्रत्येक आकृतीच्या आधी तिचे नाव लिहिलेले असे. ती फाइल वाचणाऱ्या भागात हे नाव ठेवायला १०० बाइटांची जागा राखलेली होती. नाव कोठे संपले हे कळण्यासाठी शेवटी एक खूण ठेवावी लागते. म्हणजे नावासाठी उरल्या ९९ जागा. पण ‘नाव वाच’ असे सांगताना ‘९९ अक्षरांनंतर थांब’ हे सांगायचे राहून गेले होते.

नेहमीच्या अक्षरांची नावे इतकी छोटी असतात की शंभर जागा कधी भरतच नाहीत. त्यामुळे रोज वापरूनही चूक दिसली नाही. पण कोणी मुद्दाम पाचशे अक्षरांचे नाव लिहिलेली फाइल दिली तर? जास्तीची अक्षरे स्मृतीतल्या शेजारच्या जागेत शिरणार. तेथे ‘हे काम झाल्यावर कोठे परत जायचे’ याची नोंदही असते. ती नोंद बदलली, की यंत्र भलतीकडेच वळते. कसबी माणूस त्याला हव्या त्या ठिकाणी वळवू शकतो. आणि हा सर्व्हर अनेक संगणकांवर सर्वाधिकार घेऊन चालत असे.

ही चूक कोणाच्या डोळ्यांना दिसली नाही; ती दाखवली ‘सीपीपीचेक’ नावाच्या दुसऱ्या एका आज्ञावलीने. मूळ मजकूर वाचत जाऊन अशा विसरलेल्या मर्यादा दाखवणे, हेच तिचे काम. ७ जानेवारी २०१४ रोजी दुरुस्ती जाहीर झाली. सूचनेत ९९ हा आकडा घातला गेला, बस्स. अशा चुका पुढेही सापडत राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सच्या मुख्य आज्ञासंचात जी चूक दुरुस्त झाली, ती १९८८ पासूनची होती. पस्तीस वर्षे! यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. मजकूर खुला असणे म्हणजे तो कोणी वाचलेला असणे नव्हे.

सुधारणेतून आलेली चूक

मग जुने टाकावे आणि नवे घ्यावे, एवढेच करायचे का? इतके सोपे नाही. आणखी एक घटना पाहा.

कॅनडातील कॅल्गरी येथे राहणारे थिओ द राट यांनी १९९५ साली ‘ओपनबीएसडी’ ही युनिक्स-प्रणाली सुरू केली. सुरक्षिततेसाठी मूळ मजकूर ओळ न् ओळ तपासणे, हा या मंडळींचा बाणा. एक्सची त्यांची स्वतःची प्रत ‘झेनोकारा’ या नावाने ते सांभाळतात. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांची ६.४ ही आवृत्ती निघाली. एक आठवडा उलटतो न उलटतो तोच, २५ ऑक्टोबरला, एक्स-सर्व्हरमधील एक गंभीर चूक जाहीर झाली. ती शोधणाऱ्या संशोधकाचे नाव एक्सच्या सूचनापत्रात नोंदलेले आहे : नरेंद्र शिंदे.

आपल्या फळेवाल्याच्या गोष्टीतच ही चूक समजून घेऊ. खडूचे कपाट कुलूपबंद असते, म्हणून फळेवाल्याला शाळेच्या सगळ्या किल्ल्या दिलेल्या आहेत. तो रोज केलेल्या कामाची नोंद एका वहीत लिहितो. कोणत्या वहीत लिहायचे, हे सांगण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापकांचा. पण एके दिवशी नियमावली सुधारताना ही अट निसटली. आता कोणताही विद्यार्थी म्हणू शकतो, ‘आजची नोंद गुणपत्रकाच्या वहीत लिही.’ फळेवाला आपल्या किल्लीने कपाट उघडणार आणि गुणपत्रकावर आपली नोंद लिहून टाकणार! फळेवाला वाईट नव्हे. पण त्याच्या किल्ल्या दुसऱ्याने वापरल्या.

एक्स-सर्व्हर सुरू करताना नोंदवहीचे नाव देता येत असे, आणि सामान्य वापरणाऱ्याला ते देऊ न देण्याची तपासणी २०१६ च्या नोव्हेंबरात निघालेल्या १.१९ या आवृत्तीत चुकली होती. म्हणजे ही चूक जुन्या मजकुरात नव्हतीच. ती सुधारणेबरोबर आली. त्यामुळे जे संगणक १.१९ च्या आधीच्या आवृत्तीवर होते, ते या चुकीपुरते सुरक्षित राहिले आणि ज्यांनी नवी आवृत्ती घेतली ते अडचणीत आले.

सर्व्हरच्या १.२०.३ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. ओपनबीएसडीनेही २५ ऑक्टोबरलाच आपली दुरुस्ती दिली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१९ मध्ये निघालेल्या ६.५ या आवृत्तीपासून, कोणीही सुरू केले तरी सर्व्हरला आपोआप सर्वाधिकार मिळण्याची सोयच त्यांनी काढून टाकली. किल्ल्यांचा जुडगाच काढून घेतला, की तो कोणी वापरण्याचा प्रश्न उरत नाही.

पेन्सिलच्या खुणा

आता दुरुस्तीचा प्रवास पाहू. समजा, तुमच्याकडे एक पाठ्यपुस्तक आहे. त्यात तुम्ही पेन्सिलने काही ठिकाणी चुका सुधारल्या आहेत, काही ठिकाणी टिपा लिहिल्या आहेत. आता नवी आवृत्ती आली. सरळ नवे पुस्तक घेतले, तर तुमच्या टिपा गेल्या. जुनेच ठेवले, तर नवे धडे नाहीत. मग तीन पुस्तके शेजारी ठेवावी लागतात : जुने कोरे, जुने टिपांचे आणि नवे. पहिल्या दोहोंची तुलना केली की तुमचे बदल कळतात. पहिल्याची आणि तिसऱ्याची केली की प्रकाशकाचे बदल कळतात. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर दोन्ही बदल घ्यायचे. एकच ओळ दोघांनी बदलली असेल, तर तेथे थांबून विचार करायचा. झेनोकारासारख्या प्रतीत नवा एक्स आणताना हेच करतात, फक्त पाने लाखो ओळींची असतात.

हे काम पुढच्या आवृत्तीसाठी चालते आणि नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी निघते. आधीच लोकांच्या हाती गेलेल्या आवृत्तीसाठी मात्र दुसरा मार्ग आहे. तेथे नवा एक्स न आणता चुकीच्या तेवढ्या ओळी बदलतात, कारण जितके कमी बदलावे तितका नव्या चुकीचा संभव कमी. बदललेला भाग बांधून त्यावर अंकांची ‘सही’ करतात. तुमच्या संगणकावरची ‘सिसपॅच’ ही आज्ञा तो आणते, सही खरी आहे का ते पाहते आणि मगच जुन्या भागाच्या जागी बसवते. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदलले असेल, तरी सही जुळत नाही.

येथे पुष्कळांची एक चूक होते. नवा भाग बसला म्हणजे काम संपले, असे त्यांना वाटते. पण सर्व्हर सुरू होताना आपला मजकूर स्मृतीत घेऊन बसलेला असतो. तबकडीवरचा मजकूर बदलला, तरी चालू असलेला सर्व्हर जुन्याच मजकुरावर चालत राहतो. म्हणून बसवल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. संगणक ‘पुन्हा सुरू करा’ असे सांगतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

२००८ साली क्रिस्तियान हॉग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ ही निराळी पद्धत सुरू केली आणि आता पुष्कळ ठिकाणी ती एक्सची जागा घेत आहे. तरी तेथेही ‘एक्सवेलँड’ नावाचा एक फळेवाला सोबत ठेवतात. अकराव्या नमुन्यातल्या जुन्या चिठ्ठ्या तो अजून वाचतो.

करून पाहा

दोन आलेख-कागद घ्या. एक मित्र फळेवाला होईल. तो चिठ्ठ्या पाहील, पण तुमच्याशी बोलणार नाही. नमुना ठरवा : १ म्हणजे रेषा, २ म्हणजे आयत; नंतर अंकांची संख्या आणि मग ते अंक. चिठ्ठ्या पाठवून एक घर काढून घ्या आणि तुमच्या मनातल्या घराशी ताडून पाहा. मग ‘वर्तुळ’ हे नवे काम १२८ क्रमांकाने सुरू करा. पण ते येते का, हे आधी विचारणारी चिठ्ठीही ठरवा. वर्तुळ न येणारा दुसरा मित्र फळेवाला झाला, तरी चित्र पुरे झाले पाहिजे.

आणि एक प्रश्न. तुमच्या नमुन्यात अंकांची संख्या ४ लिहिली आणि प्रत्यक्षात ६ अंक पाठवले, तर फळेवाल्याने काय करावे? उत्तर ठरवा, नमुन्यात लिहून ठेवा आणि मग चिठ्ठ्या सुरू करा. ९९ हा आकडा लिहायचा राहून गेला, तो याच ठिकाणी.